पत्ते बदलले, दंड भरले: अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जाची तयारी

एन-४०० म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलेला माणूस नाव, जन्मतारीख, ग्रीनकार्डचा नंबर इथपर्यंत झरझर लिहितो आणि पत्त्यांच्या पानावर येऊन अडतो. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात ती प्रत्येक जागा, राहायला गेल्याची तारीख, सोडल्याची तारीख. आधी डॅलसचं अपार्टमेंट, मग प्रोजेक्ट बदलला म्हणून शार्लट, तिथलं लीज संपल्यावर दोन महिने मित्राच्या बेसमेंटमध्ये, मग एडिसन, आणि शेवटी घेतलेलं घर. तारखा कुणाच्या लक्षात असतात? कशाबशा जुळवून पुढे जावं, तर काही पानांनी तो दुसरा प्रश्न येतो: तुम्हाला कधीही अटक झाली आहे का, तिकीट मिळालं आहे का, ताब्यात घेतलं आहे का? आणि २०१७ साली हायवेवर मिळालेलं स्पीडिंगचं तिकीट डोळ्यांसमोर उभं राहतं.

मी वकील नाही. माझा स्वतःचा अर्ज मी भरला, नंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांच्या शेजारी बसून त्यांचे भरून घेतले. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. दंड भरून मोकळा झालेला माणूस सहसा सुटतो. अडकतो तो, ज्याचा अर्ज एक सांगतो, कोर्टाचा कागद दुसरं सांगतो आणि तोंडातून तिसरंच निघतं. म्हणून खाली जे लिहिलं आहे त्याचा सगळा रोख या तिन्ही गोष्टी एका सुरात आणण्यावर आहे.

आधी तारखा मोजा

ग्रीनकार्डवर ‘रेसिडेंट सिन्स’ अशी तारीख असते. तिथून पाच वर्षं मोजायची. अमेरिकन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत लग्न होऊन तीन वर्षं एकत्र राहत असाल आणि तो जोडीदार त्या तिन्ही वर्षांत नागरिक असेल, तर तीन वर्षं पुरतात. ही मुदत पूर्ण व्हायच्या आधी जास्तीत जास्त ९० दिवस अर्ज करता येतो. ९१ दिवस आधी केलेला अर्ज वाया जातो, आणि फीही. यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या, साइटवर ही तारीख काढून देणारा कॅल्क्युलेटर आहे, बोटांवर मोजू नका.

पाच वर्षांपैकी किमान ३० महिने तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं (तीन वर्षांच्या नियमात १८ महिने). एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्षभर किंवा जास्त राहिलात तर ते तुटतंच.

घर बदलणाऱ्यांनी लक्षात ठेवायची आणखी एक अट आहे. ज्या राज्यात किंवा यूएससीआयएसच्या ज्या विभागात अर्ज करता, तिथे आधीचे तीन महिने तुमचं वास्तव्य हवं. मागच्या महिन्यात टेक्सासहून न्यू जर्सीला आला असाल तर थोडं थांबा. हे तीन महिने वाया जात नाहीत, कागद गोळा करायला तेवढे लागतातच.

फी १ एप्रिल २०२४पासून ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर ३८० डॉलरची सवलतीची फीही आहे. तरी अर्ज करायच्या दिवशी साइटवरचा आकडा आणि अर्जाच्या आवृत्तीची तारीख दोन्ही बघून घ्या. जुन्या आवृत्तीवर भरलेला कागदी अर्ज तसाच परत येतो.

पत्त्यांची वही

अर्ज उघडण्याआधी एक साधी वही किंवा एक्सेलचं पान घ्या. आजच्या घरापासून सुरुवात करून मागे मागे जा. प्रत्येक ओळीत पूर्ण पत्ता, अपार्टमेंटचा नंबर, झिप कोड, कधीपासून, कधीपर्यंत, आणि शेवटच्या रकान्यात ‘हे मला कशावरून कळलं’. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि सहा-आठ महिन्यांनी इंटरव्ह्यूला ऑफिसरने विचारलं की तो लागतोच.

तारखा शोधायला सगळ्यात खात्रीचं म्हणजे लीज. ते सापडलं नाही तर जुन्या ईमेलमध्ये अपार्टमेंटच्या ऑफिसचं नाव टाकून शोधा. चाव्या घेतल्याचा, डिपॉझिट परत आल्याचा, वीज किंवा इंटरनेट सुरू केल्याचा ईमेल हमखास सापडतो. बँकेच्या स्टेटमेंटवर पत्ता असतो आणि भाडं कुठल्या महिन्यापासून जायला लागलं तेही दिसतं. डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा कागद) आणि टॅक्स रिटर्नच्या तुमच्या प्रतीवर त्या त्या वर्षीचा पत्ता असतो. क्रेडिट रिपोर्टमध्ये जुने पत्ते एकत्र मिळतात, पण तिथल्या तारखांवर विसंबू नका. मी त्यात कधीच न राहिलेल्या घराचा पत्ताही पाहिला आहे. आणि एक घरगुती युक्ती: ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ऑर्डर वर्षावार उघडा. अमुक तारखेची पार्सल जुन्या घरी आणि आठवड्याने आलेली नव्या घरी, हे बघून शिफ्ट झाल्याची तारीख चार-पाच दिवसांच्या फरकाने कळते.

लीज १ तारखेला सुरू झालं, पण सामान २८ला हललं, तर लिहायचं कोणतं? प्रत्यक्ष राहायला गेलात ती तारीख. प्रश्न कुठे राहिलात असा आहे, लीज कुणाच्या नावावर होतं हा नाही. त्यामुळे मित्राकडे काढलेले दोन महिने, सबलीजवर घेतलेली खोली, कंपनीने दिलेलं महिनाभराचं हॉटेल, हे सगळं यादीत येतं. ‘तिथे माझं नाव कुठेच नव्हतं, मग कशाला लिहू’ असं म्हणून लोक ते गाळतात आणि नेमकी तिथे फट पडते. मार्चमध्ये एक घर सोडलं, मेमध्ये दुसरं घेतलं, मग एप्रिलमध्ये तुम्ही होतात कुठे? हे ऑफिसरला विचारायला लावू नका.

पोस्ट ऑफिसचा बॉक्स म्हणजे राहण्याचा पत्ता नव्हे. टपालाचा पत्ता वेगळा असेल तर त्याला वेगळी जागा दिलेली आहे.

भारतातला लांबलेला मुक्काम हा यातला खरा अवघड भाग. आईच्या आजारपणासाठी चार महिने साताऱ्याला राहिलात, पण इथलं घर चालूच होतं, भाडं जात होतं, तर तो प्रवास आहे. तो प्रवासांच्या भागात लिहायचा, पत्ता इथलाच. पण जाताना इथलं घर सोडून दिलं, सामान स्टोरेजमध्ये टाकलं आणि परतल्यावर नवीन घर घेतलं, तर त्या चार महिन्यांचा पत्ता साताऱ्याचा. तो लिहायला लोक बिचकतात. बिचकू नका, अर्जात देशाबाहेरचे पत्तेही विचारलेले आहेत. प्रवासाच्या तारखांशी तो तंतोतंत जुळतोय ना, एवढं मात्र बघा. प्रवास तपासायला भारतातल्या इमिग्रेशनचे पासपोर्टवरचे शिक्के फार उपयोगी पडतात, कारण ग्रीनकार्डवाल्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेत शिरताना दर वेळी शिक्का मिळतोच असं नाही. रद्द झालेला जुना पासपोर्टही म्हणूनच जपून ठेवायचा.

नवरा एका शहरात नोकरीला आणि बायको-मुलं दुसऱ्या शहरात, असं आपल्याकडे खूप घरांत असतं. आठवड्याचे चार दिवस भाड्याच्या खोलीत, शनिवार-रविवार घरी. अशा वेळी मुख्य घर कोणतं ते ठरवा. टॅक्स रिटर्नवर, लायसन्सवर तोच पत्ता आहे का पाहा, आणि दुसऱ्या जागेबद्दल जादा माहितीच्या पानावर दोन वाक्यांत लिहा. तीन वर्षांच्या नियमाने अर्ज करणाऱ्यांनी तर हे नीट लिहिलंच पाहिजे, कारण त्यांना एकत्र राहणं दाखवायचं असतं.

आता तारखेची गोष्ट. आपण ४ जुलै हे ०४/०७ असं लिहितो. इथे ते ७ एप्रिल होतं. वहीत महिन्याचं नाव अक्षरांत लिहा, म्हणजे अर्जात उतरवताना घोळ होणार नाही. पत्त्यांच्या यादीत आलेल्या निम्म्याअधिक फटी मी याच चुकीतून आलेल्या पाहिल्या आहेत.

पत्ता बदलल्याचं कळवलं होतं का?

ग्रीनकार्डधारकाने घर बदलल्यावर दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. फॉर्मचं नाव एआर-११. आता ते यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यातून पाच मिनिटांत होतं. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे इथे बदलला असं नाही, ही दोन वेगळी दारं आहेत. लायसन्स ही तिसरी जागा, आणि तिची मुदत राज्याप्रमाणे वेगळी.

बरेच जण हे कळवत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुमचंही राहून गेलं असेल तर आज कळवा. सध्याच्या पत्त्याचं एआर-११ भरा, त्याची पोचपावती जपून ठेवा. मागच्या तारखेचं काही बनवू नका. इंटरव्ह्यूला विचारलं तर ‘नियम माहीत नव्हता, कळल्यावर लगेच कळवलं’ असं सरळ सांगा, आणि ते खरं असू द्या.

पत्त्यांना आता आणखी एका कारणाने महत्त्व आलं आहे. अर्जदाराच्या घराच्या आणि नोकरीच्या परिसरात जाऊन चौकशी करण्याची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे. १९९१ पासून सगळ्यांना तिच्यातून सूट होती, म्हणून ती जवळपास बंद होती. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएससीआयएसने ही सरसकट सूट मागे घेतली. प्रत्येकाच्या दारी कुणी येईल असं नाही, पण शेजारी, मालक, सहकारी यांची पत्रं मागितली जाऊ शकतात. चार-पाच घरं बदललेल्या माणसाला शेजाऱ्यांचं पत्र मिळवणं कठीण. म्हणून वहीत आणखी एक रकाना घाला: या घरी असताना मला ओळखणारं कोण?

‘साइटेड’ म्हणजे काय

अर्जातल्या प्रश्नात तीन-चार क्रियापदं एका दमात येतात: अरेस्टेड, साइटेड, डिटेन्ड, चार्ज्ड. अरेस्ट सगळ्यांना कळतं, आणि तेवढंच ऐकून लोक ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. साइटेड म्हणजे कायदा मोडल्याबद्दल लेखी नोटीस हातात देणं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पोलिसाने दिलेलं तिकीट हेच. डिटेन्ड म्हणजे अटक न करता अडकवून ठेवणं. आई-वडिलांचा अर्ज भरत असाल तर हे शब्द त्यांच्याकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंटरव्ह्यूत हेच प्रश्न इंग्रजीत, शपथेवर विचारले जातात, आणि न कळता दिलेलं उत्तरही उत्तरच असतं.

प्रश्नात ‘कधीही’ आहे आणि ‘कुठेही’ आहे. पाच वर्षांची मर्यादा पत्त्यांना आहे, या प्रश्नाला नाही. कोर्टाने रेकॉर्ड बंद केलं, पुसून टाकलं, वकील म्हणाला ‘आता काही राहिलं नाही’, तरी सांगायचं, असं अर्जातच लिहिलं आहे.

कुठेही म्हणजे भारतातही. पुण्यात कॉलेजला असताना सिग्नल तोडला आणि हवालदाराने पावती फाडली, हे आठवत असेल तर लिहा. तारीख आठवत नसेल तर अंदाजे वर्ष, आणि ते अंदाजे आहे असंही लिहा. गाडी अजून तुमच्या नावावर असेल तर परिवहन खात्याच्या ई-चलनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा, भावाने फिरवलेल्या स्कूटरचे दंडही तुमच्या नावावर साचलेले असतात. विद्यार्थी मोर्चात पोलिसांनी गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं, हे आपल्याला अटक वाटत नाही. अर्जाच्या भाषेत ते डिटेन्ड आहे. मी ज्यांच्याबरोबर अर्ज भरला त्यातल्या एका काकांना हे ऐन वेळी, चहा पिताना आठवलं. आधी आठवलं हे नशीब.

मग कोणते दंड लिहायचे? पोलिसाने तुमच्या नावाने हातात दिलेलं प्रत्येक तिकीट लिहायचं. दंड कितीही छोटा असो, नंतर रद्द झालेलं असो. पार्किंगचे, टोलचे आणि कॅमेऱ्याने पकडलेले दंड बऱ्याच ठिकाणी गाडीच्या मालकावर लागतात, चालकाच्या नावावर गुन्हा म्हणून जात नाहीत. ते मी अर्जात घालायला सांगत नाही, पण सगळे भरून, पावत्यांसह फाइलमध्ये ठेवायला आणि विचारलं तर सांगायला सांगते. न भरलेला टोल वाढत जाऊन गाडीचं रजिस्ट्रेशन अडवू शकतो, तेव्हा तेही बघून घ्या.

कागद कधी जोडायचे याबद्दल अर्जाच्या सूचना स्पष्ट आहेत. दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल, अटक झालेली नसेल, आणि शिक्षा म्हणून ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा लायसन्सवर पॉइंट (चुकीची नोंद) एवढंच झालं असेल, तर त्या ट्रॅफिक दंडाचे कागद जोडायची गरज नाही. ही सवलत कागदांपुरती आहे. उत्तर ‘हो’च द्यायचं. आणि कागद इंटरव्ह्यूला बरोबर न्यायचे, कारण मागितले की तिथल्या तिथे देता येतात. नाहीतर पत्र येणार, मग तुम्ही पाठवणार, आणि महिने जाणार.

ही सवलत फक्त ट्रॅफिकची आहे, हे विसरू नका. परवाना नसताना मासे धरले, पार्कमध्ये उघडी बिअर घेऊन बसलात, तिकीट न काढता ट्रेनमध्ये चढलात, रात्री गाणी मोठ्याने लावली, यासाठी मिळालेल्या नोटिशीचा निकालाचा कागद आणलाच पाहिजे.

‘किरकोळ’ हा शब्दही राज्याप्रमाणे बदलतो. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त किंवा ८५ मैलांच्या वर गाडी चालवली तर ते रेकलेस ड्रायव्हिंग, म्हणजे क्लास १ मिस्डिमीनर (फेलनीपेक्षा खालच्या दर्जाचा फौजदारी गुन्हा). त्याला बारा महिन्यांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे. दंड भरून सुटलेला माणूस त्याला स्पीडिंगचं तिकीट म्हणतो, कोर्टाची नोंद मात्र त्याला गुन्हा म्हणते. टेक्सासमध्ये साधी ट्रॅफिक तिकिटंही बहुतेक क्लास सी मिस्डिमीनर असतात, तिथे शिक्षा दंडापुरतीच. शब्द बघून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. निकालाच्या कागदावर जे नाव आहे तेच अर्जात लिहा.

कागद कुठून आणायचे

ज्या ज्या राज्यात लायसन्स होतं, त्या प्रत्येक राज्याच्या डीएमव्हीकडून (लायसन्स देणाऱ्या खात्याकडून) ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवा. इथे पत्त्यांची वही पुन्हा कामी येते, कारण राज्य विसरलात की तिकीटही विसरलात. मग ज्या काउंटीच्या किंवा शहराच्या कोर्टात तिकीट गेलं होतं त्याच्या क्लार्कच्या ऑफिसला फोन करा आणि ‘सर्टिफाइड डिस्पोझिशन’ मागा. डिस्पोझिशन म्हणजे प्रकरणाचा शेवट काय झाला त्याचा कोर्टाचा कागद, आणि सर्टिफाइड म्हणजे त्यावर कोर्टाचा शिक्का. बऱ्याच कोर्टांत नाव आणि जन्मतारखेवरून ऑनलाइन शोधता येतं. आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे, नाव-वडिलांचं नाव उलटसुलट करून बघा. मधलं नाव पहिलं म्हणून नोंदलेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

खूप जुनी प्रकरणं कोर्ट नष्ट करतं. अशा वेळी ‘नोंद सापडली नाही’ असं पत्र मागायचं. ते पत्र हाही पुरावाच आहे: तुम्ही शोधलंत, आणि शोधूनही मिळालं नाही.

दंड भरला असं तुम्हाला वाटतं, पण खरंच भरला गेला का, हे याच वेळी उघडं पडतं. घर बदलताना कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, तारखेला हजर राहिला नाहीत, आणि लायसन्स निलंबित किंवा वॉरंट निघालेलं, असं होऊ शकतं. पत्ते आणि दंड हे दोन वेगळे विषय नाहीत, ते इथे एकमेकांना भेटतात. असं काही निघालं तर आधी कोर्टात जाऊन ते मिटवा, निकालाचा कागद घ्या, मग अर्ज करा. कोर्टाची तारीख पुढे बाकी असेल तरी थांबा. प्रोबेशन चालू असताना तर अर्ज मंजूरच होत नाही.

वकिलाने कोर्टात बोलून स्पीडिंगचं तिकीट विनापॉइंटच्या साध्या कलमात उतरवून घेतलं असेल, तर दोन्ही लिहा: सुरुवातीला आरोप काय होता आणि शेवटी काय ठरलं.

खुलासा कसा लिहायचा

प्रत्येक तिकिटाला चार गोष्टी पुरतात. कधी, कुठे, कशाबद्दल, शेवट काय. उदाहरणार्थ, अर्थ असा काही असावा: ‘जून २०१९ मध्ये अमुक काउंटीत वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल मला तिकीट मिळालं. अटक झाली नाही. मी १८० डॉलर दंड जुलै २०१९ मध्ये भरला. प्रकरण बंद झालं आहे.’ बस्स. पोलिसाची वागणूक कशी होती, रस्ता रिकामा होता, मागून सगळेच जोरात येत होते, यातलं काही नको. आपल्या लोकांना खुलासा म्हटलं की बाजू मांडाविशी वाटते. ते तिकीट बरोबर होतं की चूक, हे ठरवायचं काम या ऑफिसरचं नाहीच.

एखादं-दुसरं तिकीट असेल तर निश्चिंतपणे अर्ज करा. पण दोन-तीन वर्षांत पाच-सहा असतील तर माझा सल्ला वेगळा आहे. ऑगस्ट २०२५च्या यूएससीआयएसच्या धोरणपत्रात ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ तपासताना माणसाचा सगळा वावर बघा असं म्हटलं आहे, आणि त्यात बेदरकार किंवा सवयीच्या ट्रॅफिक उल्लंघनांचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्याच पत्रात जमेच्या बाजूही मोजल्या आहेत: वेळेवर भरलेला कर, स्थिर नोकरी, कुटुंबाची जबाबदारी, समाजातला सहभाग, शिक्षण, किती वर्षं इथे कायदेशीर राहिलात. तिकिटं जास्त असतील तर वर्षभर एकही न घेता गाडी चालवा, ड्रायव्हिंगचा कोर्स करा आणि जमेच्या बाजूंचे कागद फाइलमध्ये ठेवा. घाई नसेल तर हे वर्ष थांबणं परवडतं.

इथे मात्र वकील गाठा

दारू पिऊन गाडी चालवण्याचं एकही प्रकरण असेल तर स्वतः अर्ज करू नका. चारित्र्य तपासायच्या पाच (किंवा तीन) वर्षांच्या काळात अशा दोन शिक्षा असतील तर चारित्र्य चांगलं नाही असंच गृहीत धरलं जातं. दुकानातली चोरी, रक्कम दहा डॉलरची असली तरी. घरगुती भांडणात पोलीस आले आणि कुणाला घेऊन गेले, मग तक्रार मागे घेतली तरी. गांजा, राज्यात कायदेशीर असला तरी, कारण नागरिकत्वाचा कायदा केंद्राचा आहे आणि केंद्राच्या कायद्यात तो बेकायदा आहे. कोर्स करून किंवा समाजसेवा करून मिटवलेलं प्रकरण, ज्यात आधी गुन्हा कबूल केला होता; राज्याच्या लेखी ती शिक्षा नसली तरी इमिग्रेशनच्या कायद्यात शिक्षा म्हणून धरली जाऊ शकते. आणि मतदार नोंदणी: लायसन्स काढताना फॉर्मवर मतदार म्हणून नोंदवण्याचा चौकोन असतो, नवख्या माणसाने तो भरलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. शंका असेल तर आधी तपासा.

वकिलाची फी झेपत नसेल तर न्याय विभागाची मान्यता असलेले प्रतिनिधी असतात, ते सेवाभावी संस्थांत कमी पैशांत काम करतात. ‘नोटरी’ पाटी लावून अर्ज भरून देणाऱ्यांपासून लांब राहा. सही तुमची असते, शब्द त्यांचे.

खोटं का बोलायचं नाही, याचं कायदेशीर कारणही सांगून ठेवते. १९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कुंगिस खटल्यात म्हटलं की इमिग्रेशनचा फायदा मिळवण्यासाठी शपथेवर खोटं सांगितलं, तर ते खोटं महत्त्वाच्या गोष्टीबद्दल होतं की क्षुल्लक, याला अर्थ नाही. म्हणजे १८० डॉलरचं तिकीट तुम्हाला अडवत नाही, पण ते मुद्दाम लपवलंत तर तेवढ्यावरून चारित्र्याचा मुद्दा उभा राहू शकतो. विसरणं आणि लपवणं यात फरक आहे. नंतर आठवलं तर इंटरव्ह्यूच्या सुरुवातीलाच, विचारण्याआधी सांगा.

अर्ज गेल्यावर

पाठवलेल्या अर्जाची पूर्ण प्रत ठेवा आणि इंटरव्ह्यूआधी दोनदा वाचा. बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते एफबीआयकडे तपासले जातात, तेव्हा जे त्यांना दिसणार आहे ते तुमच्या अर्जात आधीच असू दे.

मध्येच घर बदललं तर पुन्हा तेच, दहा दिवसांत कळवा. दुसऱ्या ऑफिसच्या हद्दीत गेलात तर फाइल तिकडे जाऊ शकते आणि उशीर होतो. शक्य असेल तर शपथेपर्यंत घर बदलू नका. नवीन तिकीट मिळालं तर ते दंड भरून, कागद घेऊन फाइलमध्ये घाला आणि इंटरव्ह्यूत स्वतःहून सांगा.

इंटरव्ह्यूला ग्रीनकार्ड, लायसन्स, सगळे पासपोर्ट, टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, कोर्टाचे कागद आणि पत्त्यांची वही न्या. ऑफिसर अर्ज पानापानाने उलटतो. पत्त्यात चूक सापडली तर तो ती तिथेच दुरुस्त करतो, आणि शेवटी दुरुस्त्यांसह अर्जावर तुमची सही घेतो. तारीख दोन आठवड्यांनी चुकली म्हणून कुणी अर्ज फेटाळत नाही. ‘मला नक्की आठवत नाही, वही बघू का?’ असं विचारायला हरकत नाही; अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा ते चांगलं.

नागरिकशास्त्राची परीक्षा २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांना नवी आहे: १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. वय ५० आणि ग्रीनकार्डची २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ असते आणि ही परीक्षा दुभाषा घेऊन मराठीत देता येते. वय ६५ आणि २० वर्षं झालेल्यांना प्रश्नही कमी असतात. आई-बाबांना हे आधी सांगा, त्यांची अर्धी भीती इंग्रजीची असते.

मंजुरी मिळाल्यावर लोक सैल पडतात. शपथविधीच्या पत्रासोबत एन-४४५ नावाचा फॉर्म येतो. इंटरव्ह्यूनंतर तुम्ही परदेशी गेलात का, अटक, तिकीट, दंड काही झालं का, असे प्रश्न त्यात असतात आणि तिथे ट्रॅफिकचा उल्लेख स्पष्ट आहे. तो शपथेच्या दिवशी भरून न्यायचा. इंटरव्ह्यू आणि शपथ यांच्या मधल्या तीन आठवड्यांत तिकीट मिळालं असेल तर ‘हो’ लिहा आणि पावती जवळ ठेवा.

शपथ झाल्यावर सर्टिफिकेट हातात येतं. खुर्चीवरून उठण्याआधी नाव, जन्मतारीख, स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचा. चूक असेल तर तिथेच दाखवा. घरी गेल्यावर लक्षात आली तर एन-५६५ हा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत पासपोर्टचं काम पुढे सरकत नाही.